समुद्रावरचा हवापालट

आजारातून उठलेल्या माणसाला ‘हवापालटासाठी’ परगावी पाठविण्याची रीत आपल्या घरांतून तीन-चार पिढ्या चालत आली आहे. कुणी महाबळेश्वरला गेले, कुणी पाचगणीला, मध्य भारतातली मंडळी पचमढीला. अलीकडे या जुन्या रीतीने नवे रूप घेतले आहे. परदेशी स्थायिक झालेली मुले आईवडिलांच्या शस्त्रक्रियेची बातमी ऐकून काळजीत पडतात, आणि टाके निघतात न निघतात तोच ‘आता आठ दिवस विश्रांती घ्या’ म्हणून क्रूझचे, म्हणजे आगबोटीवरील सहलीचे, तिकीट हाती ठेवतात. बायपास झाली आहे, गुडघा बदलला आहे, पित्ताशय काढले आहे. जावे की न जावे? आम्हां निवृत्तांच्या बैठकीत हा प्रश्न आता वरचेवर निघतो. प्रत्येकाचे उत्तर त्याच्या शल्यवैद्यानेच द्यावयाचे. तथापि समुद्रप्रवासाने रोगी बरा होतो ही कल्पना दोन हजार वर्षांची आहे, आणि तिच्या इतिहासात आपल्या उपयोगाचे बरेच काही आहे.

पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने क्षयाच्या रोग्याला लांबच्या समुद्रप्रवासाची शिफारस केली आणि इटलीहून अलेक्झांड्रियाला जाणे हितकर मानले. मात्र त्याने अट घातली होती, की रोग्याच्या अंगात तेवढे बळ असले पाहिजे. त्याच शतकातील थोरल्या प्लिनीने लिहिले, की रोगी इजिप्तला जातात ते त्या देशासाठी नव्हे, वाटेवरच्या लांब जलप्रवासासाठी. त्याच्या भाच्याने, म्हणजे धाकट्या प्लिनीने, रक्ताची गुळणी होणाऱ्या झोसिमस नावाच्या आपल्या मुक्त केलेल्या गुलामाला इजिप्तला पाठविले होते. तो सुधारून परतला. परंतु दुखणे पुन्हा उलटले तेव्हा प्लिनीने त्याला एका मित्राच्या शेतावर पाठविण्याचे ठरविले. तेथील हवा चांगली होती आणि दूधही उत्तम मिळे.

शस्त्रक्रियेनंतरच्या समुद्रप्रवासाची सर्वांत तपशीलवार हकिगत मात्र अठराव्या शतकातील आहे. ‘टॉम जोन्स’ (१७४९) ही कादंबरी लिहिणारा हेन्री फील्डिंग लंडनमध्ये मॅजिस्ट्रेट होता. १७५३ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे वैद्यांनी त्याला बाथ येथील उष्ण झऱ्यांवर जाण्यास सांगितले. त्याच सुमारास लंडनमध्ये दरोडे आणि खून वाढले होते. सरकारातून बोलावणे आले, त्यांच्या बंदोबस्ताची योजना आखण्याचे काम अंगावर पडले, आणि बाथ राहून गेले. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या आम्हांला ही हकिगत परकी वाटत नाही. कामाचा उलगडा झाला तोवर त्याला जलोदर झाला होता. पोटाला छिद्र पाडून पाणी काढण्यात आले. पहिल्या वेळी निघालेले पाणी आजच्या मापाने सुमारे १३ लिटर भरते. तेव्हा भूल नव्हती. ईथरचा वापर १८४६ मध्ये आला आणि लिस्टरची जंतुनाशक शस्त्रक्रिया १८६७ मध्ये.

उबदार हवेसाठी लिस्बनला जावयाचे ठरले. २६ जून १७५४ रोजी फील्डिंगने घर सोडले. जहाज नदीतच खोळंबले होते, तेव्हा विल्यम हंटर या नामांकित शल्यवैद्याला बोलावून पुन्हा पाणी काढविले. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच हा रोगी समुद्रावर निघाला. त्याला चालता येत नव्हते. खुर्चीत बसवून कप्पीने वर ओढून जहाजावर घेतले, आणि त्याच्या सुजलेल्या, पिवळ्या देहाकडे पाहून नावाडी व खलाशी हसले. पुढे उलटा वारा लागला. इंग्लंडच्याच किनाऱ्यालगत कित्येक दिवस जहाज अडकून पडले. फील्डिंगने त्या काळात रोजनिशी लिहिली. कप्तानाचा तोरा, किनाऱ्यावरील खाणावळवालीची अवाच्या सव्वा बिले, मासळीची चव, सारे तिच्यात आहे. माणूस मरणाच्या दारात असूनही त्याची विनोदबुद्धी शाबूत होती. ऑगस्टमध्ये तो लिस्बनला पोहोचला आणि ८ ऑक्टोबर १७५४ रोजी तेथेच वारला. रोजनिशी पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाली.

फील्डिंगला समुद्राने मारले असे म्हणता येणार नाही. त्याचा रोग तेव्हाच्या वैद्यकाच्या आवाक्याबाहेर गेला होता. परंतु ज्याला वारंवार शल्यवैद्याचा हात लागणार होता, अशा रोग्याला शल्यवैद्यापासून दूर नेण्यात आले, हे ध्यानात घ्यावे. यानंतर दोनच वर्षांनी, १७५६ मध्ये, स्कॉटलंडमधील डॉ. एबनेझर गिल्ख्रिस्ट याने वैद्यकातील समुद्रप्रवासाच्या उपयोगावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि पुढची दीडशे वर्षे ‘समुद्रावर जा’ हा सल्ला प्रतिष्ठित ठरला.

हिंदुस्थानात हा सल्ला कंपनी सरकारच्या रजेच्या नियमांत शिरला. मुंबई, मद्रास व बंगाल इलाख्यांतील आजारी अधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केप ऑफ गुड होपला जात. याचे कारण केवळ तेथील हवा नव्हे. यूरोपला गेले तर नेमणूक आणि भत्ते यांवर पाणी सोडावे लागे. केपला गेले तर ते टिकत. म्हणून रोग्याने कोणत्या समुद्रावर बरे व्हावयाचे, हे बव्हंशी हिशेबखात्याने ठरविले! दरम्यान १८२८-२९ च्या सुमारास सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत महाबळेश्वर वसले आणि घाटमाथ्यावरच हवापालट होऊ लागला. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला आणि विलायत काही आठवड्यांवर आली.

आपल्या लोकांच्या वाटेत मात्र आणखी एक अडसर होता. समुद्र ओलांडणे निषिद्ध, परतल्यावर प्रायश्चित्त. त्यामुळे हवापालटासाठी परदेशी जाणे हे आरंभी संस्थानिकांनाच साधले. बडोद्याचे सयाजीराव महाराज १८८७ मध्ये प्रथम यूरोपला गेले ते प्रकृतीच्याच कारणाने. अतिश्रम आणि निद्रानाश यांनी ते त्रस्त होते. पुढे त्यांच्या यूरोपच्या वाऱ्या वाढल्या तशी सरकारची नाराजीही वाढली. १९०० मध्ये लॉर्ड कर्झन याने संस्थानिकांच्या परदेशगमनावर निर्बंध घालणारे परिपत्रक काढले. औषध म्हणून सुरू झालेला प्रवास असा परवानगीचा विषय बनला.

त्याच्या आदल्याच वर्षी, १८८६ मध्ये, एक उलटा प्रवास घडला होता. अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळविलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी क्षयाने खंगलेल्या स्थितीत मायदेशी निघाल्या आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईस उतरल्या. कोल्हापूरच्या इस्पितळातील नेमणूक त्यांची वाट पाहत होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय पुरते २२ देखील नव्हते. क्षयाचा जंतू १८८२ मध्येच सापडला होता, पण त्यावरील औषध यावयास आणखी साठ वर्षे लागली. समुद्राच्या हवेची कीर्ती इतकी मोठी झाली याचे एक कारण हेच, की वैद्यांच्या पेटीत त्या काळी दुसरे फारसे काही नव्हते.

समुद्राने खरोखर गुण आला असे उदाहरण पाहावयाचे तर ते गांधीजींचे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा गोखले हवापालटासाठी फ्रान्समध्ये गेलेले असल्याने पॅरिसमध्ये अडकले होते, आणि गांधीजी त्यानंतर लंडनमध्ये फुफ्फुसावरणाच्या दाहाने अंथरुणावर पडले. तेथे त्यांच्यावर उपचार करणारे तरुण डॉक्टर म्हणजे जीवराज मेहता; अमरेलीचे, म्हणजे तेव्हाच्या बडोदा राज्यातले, आणि पुढे गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले. डिसेंबरात गांधीजी व कस्तुरबा मुंबईच्या बोटीत बसले. डॉक्टरांनी बरगड्यांभोवती घट्ट पट्टी बांधली आणि तांबडा समुद्र येईतो ती सोडू नये असे बजावले. गांधीजींनी दोन दिवस सोसले, आणि मग मोठ्या खटपटीने ती स्वतःच सोडून टाकून मनसोक्त आंघोळ केली! आहार मुख्यतः फळे आणि सुकामेव्याचा. प्रकृती दिवसेंदिवस सुधारत गेली. सुवेझच्या कालव्यात बोट शिरली तेव्हा अशक्तपणा होता, पण धोका टळल्याची त्यांची खात्री झाली होती. त्याचे श्रेय त्यांनी आत्मकथेत त्या पट्ट्यातील शुद्ध हवेला दिले आहे. ९ जानेवारी १९१५ रोजी ते मुंबईस उतरले. त्यांच्या भेटीसाठी प्रकृती बरी नसतानाही पुण्याहून आलेले गोखले मात्र १९ फेब्रुवारीला गेले. फ्रान्सच्या हवेत राहूनही त्यांच्या मागचे काम सुटले नव्हते.

याच गांधीजींची दुसरी हकिगत आमच्या विषयाला अधिक जवळची आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून इस्पितळात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पार पडले. फेब्रुवारीच्या आरंभी सरकारने त्यांना बिनशर्त मुक्त केले. तरी ते इस्पितळातून लगेच हलले नाहीत. मार्चमध्ये, म्हणजे सुमारे दोन महिन्यांनी, ते जुहूला समुद्रकाठी विश्रांतीस गेले आणि मेअखेरपर्यंत राहिले. म्हणजे आधी जखम शल्यवैद्याच्या नजरेखाली भरू दिली, मग समुद्राची हवा घेतली. आणि तीही मुंबईतील डॉक्टर हाकेच्या अंतरावर ठेवून. १९१५ चा प्रवास मानवला तोही आजार उताराला लागल्यावर केला म्हणून. फील्डिंगचे उदाहरण यांच्यासमोर ठेवले की फरक कोठे आहे ते वाचकांच्या ध्यानी येईल.

आता क्रूझविषयी. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवर उतारू मिळत नसत. बोटी रिकाम्या ठेवण्यापेक्षा त्या उबदार समुद्रात सहलीला न्याव्या, या व्यापारी विचाराने हांबुर्गच्या आल्बर्ट बालिन याने जानेवारी १८९१ मध्ये ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट भूमध्य समुद्रात सोडली. क्रूझच्या धंद्याचा पाया येथे बळकट झाला. पुढे १९५८ पासून जेट विमानांनी अटलांटिकचे उतारू पळविले, आणि बोटींना जगण्यासाठी सहलीचाच आधार उरला. रोग्याला बरे करण्याचा हेतू या धंद्यात कधीच मुख्य नव्हता. आमच्या गोव्याच्या व कोकणच्या वाचकांना मुंबई-पणजी बोटीचे दिवस आठवत असतील. मुंबईत उपचार घेतलेले रोगी तिनेही गावी परतत. पण ती किनाऱ्याकिनाऱ्याने जाई, आणि पुढचे बंदर काही तासांवर असे.

आजच्या मोठ्या बोटीवर डॉक्टर, परिचारिका, क्ष-किरण यंत्र, बहुधा कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे साधनही असते. परंतु ते प्रथमोपचाराचे व रोग्याला सावरून धरण्याचे ठिकाण आहे. टाके उसवले, पोटात पू झाला, पायात रक्ताची गुठळी धरली, तर रोग्याला किनाऱ्यावरच न्यावे लागते, आणि हेलिकॉप्टरचा पल्ला मर्यादित असतो. त्याचा खर्च कुटुंबाला झेपणारा नसतो. आणि अलीकडची शस्त्रक्रिया लपवून काढलेला विमा ऐनवेळी नाकारला जाऊ शकतो. समुद्र लागून उलट्या झाल्या तर पोटावरच्या ताज्या जखमेला ताण बसतो, आणि डुलणाऱ्या जिन्यावर नवा गुडघा परीक्षेला बसतो. शेकडो माणसे एकत्र जेवतात तेथे संसर्गही चटकन पसरतो. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ या बोटीवर ३,७११ माणसे होती. त्यांतील ७०० हून अधिक जणांना कोरोनाची लागण झाली.

एक गोष्ट बोटीच्या बाजूचीही सांगितली पाहिजे. विमानाच्या केबिनमधील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीइतका, म्हणजे महाबळेश्वराहूनही विरळ हवेचा असतो. त्यामुळे शरीरात कोंडलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस विमान वर्ज्य सांगतात ते यासाठी. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत वायूचा बुडबुडा सोडला असेल तर तो विरेपर्यंत विमानाने जाणे दृष्टीवर बेतू शकते. बोट समुद्रसपाटीवरच चालते; तेथे हा धोका नाही. मात्र बोटीच्या बंदरापर्यंत पोहोचावयाचे ते बहुधा विमानानेच, हे घरात कुणाला सुचत नाही.

तेव्हा जुन्या लोकांच्या अनुभवातून निघतो तो क्रम असा: आधी शल्यवैद्याने मोकळे करावे, मग अंगात बळ यावे, आणि त्यानंतर समुद्र. सेल्ससची अट आजही तीच आहे. समुद्र देतो ती हवा, झोप, दूरध्वनीपासून आणि कामापासून सुटका. सयाजीरावांना हवी होती तीही हीच. जखम भरणे हे त्याचे काम नाही. आपल्या घरांतून अडचण येते ती संकोचाची. मुलाने हौसेने तिकीट काढले, पैसे भरले. ‘आत्ता नको’ कसे म्हणावयाचे, म्हणून वडीलमाणसे दुखणे दडवून निघतात. असे करू नये. शल्यवैद्याला तारीख आणि मार्ग सांगून स्पष्ट विचारावे, विमा कंपनीला शस्त्रक्रिया लेखी कळवावी, आणि मुलाला सांगावे की बाबा रे, तिकीट दोन-तीन महिने पुढे ढकल. मधल्या काळात जवळचा समुद्रकिनारा आहे, घराची गच्ची आहे, आणि फील्डिंगची रोजनिशीही वाचण्याजोगी आहे.