वऱ्हाड गहाण पडलं ती छावणी

आमच्या आजी-आजोबांचं भांडण पेटलं, की फिरून फिरून 1853च्या तहावर यायचं. आजी अकोल्याची, आजोबा इथले, छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या बेगमपुऱ्यातले. चहात साखर कमी पडली एवढ्यावरून सुरू झालेला वाद आजी एका दमात संपवायची, "तुमच्या निजामानं आमचं वऱ्हाड गहाण टाकलं, अन् तेही कशापायी? त्या छावणीच्या पगारापायी!" आजोबा पानाचा डबा पुढे ओढायचे. उत्तर नसायचंच, कारण आजीचं म्हणणं खरं होतं.

खाम नदीच्या पश्चिमेला वसलेली ही छावणी हैदराबाद कंटिंजंटची. फौज निजामाच्या नावाची, वरचे अधिकारी इंग्रज, खर्च निजामाच्या खजिन्यातून. पगार थकले, कर्ज चढलं आणि 1853च्या तहात वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या हाती गेला. 1860 साली बाकीचं परत आलं, वऱ्हाड तेवढं अडकून राहिलं. 1902मध्ये व्हाइसरॉय कर्झननं ते वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं घेतलं आणि पुढच्याच वर्षी कंटिंजंट हिंदी फौजेत विलीन झाली. ज्या फौजेपायी गहाण पडलं ती फौजच उरली नाही, गहाण मात्र सुटलं नाही. सावकारीचे नमुने आपल्याकडे कमी नाहीत, पण याला तोड नाही.

आजीकडे या राजकारणाचा रोकडा पुरावा होता. लग्नात माहेरून मिळालेले रुपये कलदार, म्हणजे इंग्रजी. इथे चलन निजामाचं, म्हणजे हाली. शंभर कलदारांना एकशेसोळाच्या आसपास हाली मिळायचे. सासूबाईंनी मोड करून आणली तेव्हा रक्कम फुगलेली बघून नवी सून खूश झाली होती म्हणे. बाजारात गेल्यावर हिशेब कळला.

ही छावणी पायी बघावी. वाट सपाट आहे, चढ असा नाहीच. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनीही खुशाल निघावं. सकाळी लोखंडी पुलापासून सुरुवात करावी. खामचा हा काठ माझ्या लहानपणी नाक दाबून ओलांडायचा होता. अलीकडे महापालिका, छावणी परिषद आणि काही संस्थांनी मिळून तो साफ केला, झाडं लावली, फिरायला जागा केली. पुढे छावणीत शिरलं की शहराची वीण बदलते. मागे राहिलेलं जुनं औरंगाबाद दरवाजांचं, गल्लीबोळांचं. इथे रस्ते सरळ, आवारं ऐसपैस, सावली दाट. वाटेत ख्राइस्ट चर्च लागतं. काही भाग आजही लष्कराचा आहे, तिथे फोटोचा मोह आवरावा.

बंगले बघताना लोक साहेबाची कल्पना करतात. आजोबांच्या गोष्टींत साहेब क्वचितच यायचा. यायचे ते मोतद्दार, भिस्ती, धोबी, खानसामे, गवत कापून आणणाऱ्या बाया. आजोबांच्या लेखी गाव यांचंच होतं, साहेब बदली होऊन जायचे. आमच्या लोकांचा संबंध मुख्यतः गुरुवारच्या बाजारापुरता. बैल बघायचे, दात मोजायचे, न घेता परत यायचं.

एकच गोष्ट आजोबा आवाज उतरवून सांगत. ती त्यांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेली. जून 1857मध्ये कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यात कुजबुज सुरू झाली, की आपल्याला दिल्लीच्या बादशहावर चालून नेणार. स्वार बिथरले. पुण्याहून जनरल वुडबर्नची पलटण आली, हत्यारं खाली ठेवायला लावली. मीर फिदा अली या दफेदारानं कॅप्टन अॅबटवर गोळी झाडली. ती चुकली आणि त्याला फाशी झाली. इतरांपैकी काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. ती जागा म्हणजे आजच्या क्रांती चौकातला काळा चबुतरा. घरातल्या कथेत मरणाऱ्यांचा आकडा दर पिढीला वाढत गेला असावा, पण एक तपशील कधी बदलला नाही: पणजोबांच्या आईनं कित्येक दिवस पोरांना नदीकाठी जाऊ दिलं नव्हतं.

आजोबांची गोष्ट इथे थांबायची. तिचा पुढचा भाग मला पुस्तकांत सापडला. तोच पहिला रिसाला पुढे 'विसावा डेक्कन हॉर्स' झाला. बादशहावर तलवार उपसायची नाही म्हणून अडलेल्या त्या रिसाल्याचे घोडेस्वार 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, हायवुडच्या रानाशेजारी भाले रोखून जर्मनांवर धावून गेले. आज डेक्कन हॉर्स ही भारतीय सेनेची रणगाडा रेजिमेंट आहे. 1965च्या भारत-पाक युद्धात ती असल उत्तरला लढली. संभाजीनगरात हे किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. चबुतऱ्यापाशी ही पुढची हकिगतही लिहायला हरकत नव्हती.

स्वतः पाहिलेल्यातलं आजोबा जे अगदी रंगून सांगत, ते मात्र लढाईचं नव्हतं. 1948च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, निजामी संपली. दोनच वर्षांनी, जून 1950मध्ये, बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज इथे सुरू झालं आणि पहिले वर्ग भरले ते छावणीतच. हेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. बाबासाहेब सुभेदाराचा मुलगा, जन्म महूच्या छावणीतला. खेड्यापाड्यांतून आलेली पोरं पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन छावणीचा रस्ता विचारायची, आणि आजोबा सायकलवरून उतरून त्यांना पोचवून यायचे. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते नागसेनवनात कॉलेजच्या इमारतीची कोनशिला बसली, त्या गर्दीतही आजोबा होते. आजीला त्यांनी चारदा बोलावलं, ती गेली नाही. वऱ्हाड आधी सोडवा, मग येते, म्हणाली.