"निर्णायक पुरावा नाही": एका सरकारी वाक्याची चाळीस वर्षं

शोधनिबंध वाचायला लागलात की एक वाक्य तुम्हाला सारखं भेटेल: अमुक गोष्टीचा निर्णायक पुरावा अजून उपलब्ध नाही. प्रयोगशाळेत हे वाक्य अगदी सभ्य आहे. अजून मोजायचं बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ. तेच वाक्य मंत्र्याने संसदेत म्हटलं की ऐकणारा त्यातून वेगळंच घेऊन जातो: म्हणजे काळजीचं कारण नाही. ब्रिटनमधल्या दूषित रक्त प्रकरणाची कागदपत्रं वाचताना मला हा फरक सगळ्यात जास्त बोचला, म्हणून आज त्याबद्दल.

आधी थोडं विज्ञान. हिमोफिलियाच्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात 'फॅक्टर आठ' हे प्रथिन कमी असतं, त्यामुळे रक्त गोठत नाही. १९६४ मध्ये अमेरिकेत ज्युडिथ ग्रॅहम पूल यांनी दाखवून दिलं की गोठवलेला प्लाझ्मा सावकाश वितळवला की तळाशी जो साका उरतो त्यात हे प्रथिन भरपूर असतं. हेच क्रायोप्रेसिपिटेट. एका डोसमागे मोजकेच दाते. पुढे १९७० च्या दशकात पावडरच्या रूपातलं कॉन्सन्ट्रेट आलं. घरच्या फ्रिजमध्ये ठेवा, स्वतःच टोचून घ्या. ज्या मुलांचं अर्धं बालपण हॉस्पिटलात जायचं त्यांच्यासाठी ही मोठीच सुटका होती, आणि हे विसरून हा इतिहास वाचू नका.

पण एक बॅच बनवायला हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र केला जायचा. यातला बराच माल अमेरिकेतून यायचा, आणि तिथे पैसे घेऊन प्लाझ्मा देणारे, अगदी तुरुंगातले कैदीसुद्धा दाते असायचे. (आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली.) आता वही घ्या आणि एक काल्पनिक गणित करा. हजार दात्यांमागे एकच बाधित आहे असं धरा. दहा दात्यांचं क्रायो स्वच्छ असण्याची शक्यता ०.९९९ चा दहावा घात, म्हणजे ९९ टक्के. दहा हजार दात्यांची बॅच स्वच्छ असण्याची शक्यता? लाखात चार-पाच. यासाठी कुठलाही नवा शोध लागायची गरज नव्हती. पैसे घेणाऱ्या दात्यांच्या रक्तातून काविळीचा धोका जास्त असतो हे रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्येच पुस्तक लिहून सांगितलं होतं. १९७५ च्या सुरुवातीला आरोग्य राज्यमंत्री डेव्हिड ओवेन यांनी देश रक्त उत्पादनांत स्वयंपूर्ण करण्यासाठी पाच लाख पौंड जाहीरही केले. स्वयंपूर्णता मात्र आली नाही. ओवेन यांनी पुढे आपली त्या काळातली कागदपत्रं मागितली, तेव्हा ती नष्ट झाल्याचं त्यांना कळलं.

आता १९८३. आदल्या वर्षी जुलैमध्ये अमेरिकेच्या सीडीसीने हिमोफिलियाच्या तीन रुग्णांमध्ये एड्ससारखा आजार दिसल्याचं छापलं होतं. मग कार्डिफमधल्या एका रुग्णातही तीच लक्षणं आढळली. त्या वर्षीच्या मे महिन्यात साथरोगांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राचे संचालक डॉ. स्पेन्स गॅलब्रेथ यांनी आरोग्य खात्याला पत्र लिहिलं: १९७८ नंतर अमेरिकेत दिलेल्या रक्तापासून बनवलेली सगळी उत्पादनं मागे घ्या, धोका स्पष्ट होईपर्यंत. विषाणू अजून नीट ओळखला गेला नव्हता, चाचणी नव्हती, केस हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तरीही साथरोगतज्ज्ञाला जे दिसायला हवं ते त्यांना दिसलं. आजार रक्तातून पसरतो हे गृहीतक उपलब्ध माहितीला सगळ्यात नीट बसत होतं, आणि लक्षणं दिसायला वर्षं लागत असतील तर केस कमी असणं ही दिलाशाची गोष्ट नव्हती. लागण आज, लक्षणं कधीतरी नंतर. केस मोजणारा माणूस कायम काही वर्षं मागे असतो.

खात्याला ही सूचना घाईची वाटली. जुलैमध्ये औषध सुरक्षेच्या उपसमितीने माल मागे न घेण्याचा सल्ला दिला. त्यांचा युक्तिवाद फुटकळ नव्हता: देशी माल अपुरा आहे, आणि उपचार थांबले तर रुग्ण मेंदूतल्या रक्तस्रावाने दगावू शकतात. मला हा पेच खरा वाटतो. पण 'सगळं बंद' आणि 'सगळं चालू' यांच्या मधेही रस्ते होते. लहान मुलांना आणि सौम्य आजार असलेल्यांना क्रायोवर ठेवणं, टाळता येण्यासारख्या शस्त्रक्रिया पुढे ढकलणं, आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रुग्णांना सांगणं. त्याऐवजी नोव्हेंबरमध्ये आरोग्य राज्यमंत्री केनेथ क्लार्क यांनी संसदेत सांगितलं की रक्त उत्पादनांमधून एड्स पसरतो याचा निर्णायक पुरावा नाही. शब्दशः पाहिलं तर खरं. पण असा प्रसार होत असण्याचीच शक्यता जास्त आहे, असं खात्यातल्या लोकांचं मत बनलेलं होतं. वाक्याचा तो अर्धा भाग जनतेपर्यंत पोचलाच नाही.

ब्रिटनमध्ये हिमोफिलिया आणि तत्सम आजारांच्या सुमारे १,२५० रुग्णांना एचआयव्हीची लागण झाली. त्यात सुमारे ३८० मुलं. रक्त चढवल्यामुळे हिपॅटायटिस सी झालेले धरले तर एकूण बाधित तीस हजारांवर जातात, आणि मृत्यू सुमारे तीन हजार. हॅम्पशायरमधल्या ट्रेलोर या निवासी शाळेत हिमोफिलिया केंद्र होतं. १९७० ते १९८७ मध्ये तिथे शिकलेल्या हिमोफिलियाच्या १२२ मुलांपैकी आज साधारण तीसच हयात आहेत. मुलांच्या किंवा पालकांच्या संमतीशिवाय त्यांच्यावर संशोधनही चाललं होतं. उद्या नीतिमत्ता समितीचा फॉर्म भरताना कंटाळा आला तर ही शाळा आठवा.

पुढचा भाग भरपाईचा, म्हणजे खरं तर भरपाई न देण्याचा. १९८८ मध्ये सरकारच्या एक कोटी पौंडांतून मॅकफार्लेन ट्रस्ट सुरू झाला. आपल्याकडच्या सरकारी भाषेत ज्याला सानुग्रह मदत म्हणतात तसला प्रकार: पैसे घ्या, पण आमची चूक होती असं समजू नका. १९९१ च्या तडजोडीत तर एचआयव्हीबाधितांकडून हिपॅटायटिसबद्दलही दावा करणार नाही असं लिहून घेतलं. आपल्याला हिपॅटायटिस सी झालाय हे सही करणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊकच नव्हतं.

तोवर दुसरं वाक्य तयार झालं होतं: रुग्णांना त्या वेळी उपलब्ध असलेले सर्वोत्तम उपचार मिळाले. १९८९ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी ते संसदेत वापरलं आणि पुढे मंत्री बदलले, पक्ष बदलले, वाक्य तसंच राहिलं. 'सर्वोत्तम' कोणी, कशाच्या आधारावर ठरवलं? त्याचा अभ्यास कोणी केलाच नव्हता. तिसरं वाक्य हिपॅटायटिस सीच्या तपासणीबद्दल: तंत्रज्ञान मिळताच आम्ही ती सुरू केली. तारखा शेजारी ठेवा. जपान १९८९, अमेरिका १९९०, ब्रिटन सप्टेंबर १९९१. २००१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यायालयाने दूषित रक्त मिळालेल्या रुग्णांच्या बाजूने निकाल दिला, तरी हे वाक्य काही निवृत्त झालं नाही.

दरम्यान, रक्तातल्या विषाणूंबाबत सल्ला देणाऱ्या समितीच्या फायली १९९० च्या दशकात खात्यातच नष्ट केल्या गेल्या. २००७ ते २००९ मध्ये लॉर्ड आर्चर यांनी चौकशी केली, पण ती खाजगी होती. साक्षीला बोलावण्याची सक्ती करायचा अधिकार त्यांना नव्हता. तो अधिकार असलेली, चारही प्रांतांसाठीची चौकशी थेरेसा मे यांनी जाहीर केली ती जुलै २०१७ मध्ये. सर ब्रायन लँगस्टाफ यांचा सात खंडांचा अहवाल २० मे २०२४ ला आला. लपवाछपवी झाली, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. मात्र काही मोजक्या लोकांनी बसून रचलेला कट असं चित्र त्यांनी काढलं नाही. अब्रू आणि पैसा वाचवण्याची सवय यंत्रणेत झिरपलेली होती, आणि ते त्यांना जास्त भयंकर वाटलं. मलाही वाटतं. कारण त्यात बहुतेक कारकून आणि अधिकारी आदल्या फायलीतलं उत्तर पुढच्या फायलीत उतरवत होते, इतकंच. संदर्भ न उघडता दुसऱ्याच्या निबंधातलं विधान उचलणारे आपले लोक आठवले मला.

त्याच दिवशी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी माफी मागितली. ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात भरपाईसाठी ११.८ अब्ज पौंड ठेवले गेले. तरी ९ जुलै २०२५ ला लँगस्टाफ यांना आणखी एक अहवाल काढावा लागला, या वेळी भरपाईच्या दिरंगाईवर. मुख्य अहवालाला तेव्हा साडेतेरा महिने झाले होते आणि पूर्ण रक्कम हातात पडलेल्यांची संख्या पाचशेच्या आत होती.