अनोळखी सॉफ्टवेअर आधी 'सँडबॉक्स'मध्येच उघडा; जाणून घ्या सविस्तर

काटोल : पीक विमा, सातबारा, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज यासाठी तालुक्यातील गावकरी सेवा केंद्र किंवा नेट कॅफे गाठतात. तिथल्या एकाच कॉम्प्युटरवर शेकडो लोकांचे आधार अन् बँक पासबुक स्कॅन होते. त्याच मशीनवर फुकटचे 'क्रॅक' सॉफ्टवेअर टाकले, तर नुकसान फक्त दुकानदाराचे होत नाही.

धोका कसा?
विंडोजमध्ये सुरू केलेला प्रोग्राम साधारणपणे वापरकर्त्याच्या सगळ्या फाइल्स वाचू शकतो. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्डही चोरीला जाऊ शकतात. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' हल्ल्याने उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. तो व्हायरस युक्रेनमधील हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला होता. ओळखीच्या सॉफ्टवेअरची ही गत, तर अनोळखीची काय हमी?

सँडबॉक्स म्हणजे काय?
कॉम्प्युटरच्या आत तयार केलेली वेगळी, बंद खोली. प्रोग्राम तिथेच चालतो, मूळ फाइल्सना हात लावू शकत नाही. विंडो बंद केली की आतले सारे पुसले जाते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोज १० च्या प्रो आणि एंटरप्राइज आवृत्तीत ही सोय दिली. होम आवृत्तीत ती नाही.

सुरू कशी करायची?
• किमान ४ जीबी रॅम हवी, ८ जीबी असल्यास उत्तम.
• बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा.
• 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' मध्ये 'विंडोज सँडबॉक्स'वर टिक करून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.
• डाउनलोड केलेली फाइल कॉपी करून सँडबॉक्समध्ये पेस्ट करा, तिथेच उघडा.

होम आवृत्ती असल्यास 'सँडबॉक्सी' वापरता येते. मात्र त्यातला प्रोग्राम मूळ फाइल्स बदलू शकत नसला तरी नेहमीच्या सेटिंगमध्ये वाचू शकतो, हे ध्यानात ठेवा.

ही काळजी घ्या
सँडबॉक्समध्ये इंटरनेट चालू असते, त्यामुळे आत बँकेचा किंवा पोर्टलचा पासवर्ड टाकू नका. काही व्हायरस सँडबॉक्स ओळखून गप्प बसतात. म्हणून आत काही बिघडले नाही, याचा अर्थ सॉफ्टवेअर चांगलेच आहे असा नव्हे. शंका असेल तर मूळ मशीनवर टाकूच नका. लोकांच्या कागदपत्रांच्या स्कॅन कॉपी काम झाल्यावर डिलीट करा.

पैशांची फसवणूक झाल्यास लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.