मॉर्टनचा न्यूरोमा : एका निदानाचा इतिहास

पायाच्या पुढील भागात, बहुधा तिसऱ्या व चौथ्या बोटांच्या दरम्यान होणाऱ्या मज्जातंतूच्या वेदनेस ‘मॉर्टनचा न्यूरोमा’ म्हणतात. या नावातील दोन्ही शब्द इतिहासाच्या कसोटीवर अपुरे ठरतात, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फिलाडेल्फियाचे शल्यविशारद थॉमस जॉर्ज मॉर्टन यांनी १८७६ मध्ये या विकाराचे वर्णन केले. तथापि, इटलीचे शरीररचनाशास्त्रज्ञ फिलिप्पो चिविनिनी यांनी १८३५ मध्येच तेथील मज्जातंतूवरील फुगवटा नोंदविला होता. इंग्लंडच्या राजघराण्याचे पादचिकित्सक लुइस डर्लाकर यांनीही १८४५ मध्ये ही वेदना वर्णिली होती. मॉर्टन यांनी मात्र विकाराचे स्थान चौथ्या बोटाच्या सांध्याशी जोडले व तो सांधा काढून टाकण्याचा उपाय सुचविला. १९४० मध्ये ऑस्ट्रेलियाचे बेट्स यांनी मज्जातंतूच्या दाहाकडे लक्ष वेधले. १९५१ मध्ये मुल्डर यांनी पाऊल दोन्ही बाजूंनी दाबून हाताला जाणवणारी ‘टक्’ ही निदानखूण सांगितली.

‘न्यूरोमा’ म्हणजे मज्जातंतूचे अर्बुद. येथे मात्र मज्जातंतूभोवती तंतुमय ऊती वाढलेली असते. म्हणूनच आज प्रथम रुंद पादत्राणे, तळव्याखाली आधारगादी व प्रसंगी स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचविले जाते. मज्जातंतू काढण्याची शस्त्रक्रिया त्यानंतरच.

सारांश, निदानाचे स्थान चुकले की शस्त्र निरोगी अवयवावर चालते. रूढ नावाची फेरतपासणी म्हणूनच आवश्यक ठरते.