जाहिरात, गिऱ्हाईक आणि फरीदाबादची फटफटी

जाहिरातीने माणूस नको असलेली वस्तूही विकत घेतो, असे एक मत आहे. जाहिरातीवर ओतलेला पैसा पाण्यात जातो, असे दुसरे. दोन्ही मते मोठ्या आवेशाने मांडली जातात आणि पुराव्याच्या नावाने मांडणाऱ्याची आवडनिवडच पुढे येते. खरी परीक्षा पाहावयाची तर एकाच कारखान्याचा, एकाच नावाने विकला गेलेला, परंतु निरनिराळे नशीब लाभलेला माल शोधावयास हवा. दिल्लीलगतच्या फरीदाबादने असा माल देशाला दिला आहे. त्याचे नाव ‘राजदूत’.

फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी फरीदाबादची नवी वसाहत उभी राहिली आणि तिच्या आधाराने कारखानदारी वाढली. हरप्रसाद नंदा व त्यांचे बंधू यांनी १९४४ साली लाहोरात काढलेली ‘एस्कॉर्ट्‌स’ ही कंपनीही फाळणीत तेथून उखडली गेली आणि पुढे फरीदाबादेत रुजली. साठीच्या दशकाच्या आरंभी तिने पोलंडच्या सहकार्याने तेथे फटफटी बनविण्यास सुरुवात केली.

तो काळ परवान्यांचा होता. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. गिऱ्हाईकच मालाच्या मागे धावत असता जाहिरातीने करावयाचे तरी काय? शिवाय आकाशवाणीवर त्या काळी जाहिराती नव्हत्याच. विविध भारतीची व्यापारी सेवा सुरू झाली ती १९६७ च्या नोव्हेंबरात, मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवरून. तरीही राजदूत खेड्यापाड्यांत पोहोचली. तिची बांधणी दणकट होती, यंत्र साधे होते. दोन्ही बाजूंना दुधाच्या चरव्या अडकवून गवळी तीवरून खडकाळ वाटेने शहर गाठीत. पुढे धर्मेंद्र या नटाला घेऊन तिच्या जाहिराती निघाल्या. निवड चतुर होती, यात शंका नाही. पंजाबच्या मातीतला हा धिप्पाड गडी गाडीच्या गुणांशी जुळणारा होता. परंतु गाडी मजबूत आहे हे त्या जाहिरातीने गवळ्याला शिकविले नाही. गवळ्याला जे ठाऊक होते, ते तिने चित्रात मांडले.

१९७३ साली राज कपूर यांचा ‘बॉबी’ हा चित्रपट आला. त्यात ऋषी कपूर व डिंपल कापडिया यांच्या वाट्याला राजदूतचीच एक ठेंगणी, छोट्या चाकांची गाडी आली. एवढी मोठी जाहिरात कोणत्याही भिंतीवर मावली नसती. तरुणांनी गाडीचे कारखान्याने दिलेले नाव बाजूला सारून तिला ‘बॉबी’च म्हणावयास सुरुवात केली, आणि ते नाव अद्याप टिकून आहे. मात्र गावोगावच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे राबत राहिली ती साधी, उंच चाकांची राजदूतच. पडद्यावरील प्रेमिकांना चरव्या वाहून न्यावयाच्या नव्हत्या.

तिसरी गाडी याहून बोलकी. १९८३ साली जपानच्या यामाहा कंपनीच्या सहकार्याने ‘राजदूत ३५०’ बाजारात आली. दोन सिलिंडरांची, त्या काळच्या देशी गाड्यांना सहज मागे टाकणारी! नाव वीस वर्षांच्या ओळखीचे, कारखाना नावाजलेला, वेगाची ख्याती कानोकानी झालेली. परंतु ती पेट्रोल फार पीत असे, आणि १९७३ व १९७९ च्या तेलसंकटांनी पेट्रोलचा हिशेब मध्यमवर्गीय घराच्या वाणसामानाच्या यादीपर्यंत आणून ठेवला होता. गिऱ्हाइकांनी गाडीचे कौतुक केले आणि पैसे खिशातच ठेवले. १९८५ साली हरयाणातल्याच धारूहेड्याहून हिरो होंडाची लहानशी, मंद, पण मोजके पेट्रोल पिणारी गाडी आली. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात गाजली. ती गाजली याचे कारण शब्दांची खुबी एवढेच नव्हे. घेणाऱ्याला तिचा खरेखोटेपणा पहिल्याच आठवड्यात पंपावर ताडून पाहता येत होता. राजदूत ३५० चे उत्पादन फार काळ चालले नाही. आज हौशी संग्राहक तिच्या शोधात हिंडतात, ही गोष्ट निराळी.

महाराष्ट्राला हा अनुभव त्याआधीच येऊन गेला होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात लोखंडी नांगर घडविले, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी ते दोन वर्षे पडून राहिले. शेतकऱ्याचा समज फिरला तो शेतात तास निघालेले डोळ्यांनी पाहून. शंकरराव किर्लोस्करांचे ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक १९२० साली निघाले, तेव्हा नांगराने आपली पत स्वतःच मिळविलेली होती.

मग जाहिरात निरुपद्रवी समजावी काय? तसे म्हणणे फार भोळेपणाचे होईल. नांगर आणि फटफटी आपला जबाब स्वतः देतात. औषधाची गोष्ट तशी नाही. रोग आपोआप बरा झाला की बाटलीने, हे रोग्याला कळत नाही, आणि असाध्य दुखण्याने गांजलेला माणूस तर पारखण्याच्या मनःस्थितीतच नसतो. म्हणूनच १९५४ साली संसदेने औषधे व चमत्कारी उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा केला. कर्करोग, मधुमेह, मोतीबिंदू अशा ठरावीक विकारांवर औषधाची जाहिरात करण्यास त्याने मनाई केली. पुढे १९९२ साली अर्भकांच्या दुधाच्या पावडरीवर आणि दूध पाजण्याच्या बाटल्यांवर तशीच बंदी आली. आपल्याला काय मानवले नाही, हे तान्ह्या मुलाला सांगता येत नाही. आईला कळेपर्यंत तिचे स्वतःचे दूध आटून गेलेले असते. त्या डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापण्यासही ह्या कायद्याने मनाई आहे.