वार्धक्य, खेळ आणि तोल : एक मागोवा

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सकाळच्या प्रहरी उभे राहिले म्हणजे एक दृश्य हमखास नजरेस पडते. पायाखालून सरकणाऱ्या ओल्या वाळूतून कोळी भगिनी डोक्यावर भरलेली पाटी घेऊन झपझप चालत असतात. त्यांत साठी उलटलेल्याही असतात. समोरच्या बेटावरील जलदुर्गाच्या वस्तीत ये-जा करणाऱ्यांना डुलत्या होडीत पाय रोवून उभे राहावे लागते. तोल सांभाळण्याची ही विद्या त्यांना कोणी मुद्दाम शिकविलेली नाही. नित्याच्या श्रमांतून ती अंगी मुरलेली आहे. मात्र श्रम सुटले, माणूस खुर्चीला आणि पुढे खाटेला खिळला, की हीच विद्या किती झपाट्याने अंग सोडून जाते, याचा अनुभव बहुतेक कुटुंबांनी घेतला असेल. रात्री न्हाणीघराकडे जाताना पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि तोवर हिंडता-फिरता असलेला माणूस परावलंबी होतो.

शरीराचा तोल तिघांच्या आधारे राहतो : डोळे, कानाच्या आतील सूक्ष्म इंद्रिय आणि तळपाय व सांधे यांतील संवेदना. वयोमानाने तिन्ही मंदावतात. परंतु त्याहून घातक ठरते ती भीती. एकदा पडलेला वृद्ध पुन्हा पडू नये म्हणून हालचाल आखडती घेतो. स्नायू अधिकच दुबळे होतात आणि पडण्याचा संभव उलट वाढतो.

पूर्वीच्या समाजजीवनात यावर उपाय नव्हता असे नाही. तो उपाय म्हणून कोणी ओळखला नव्हता, इतकेच. मंगळागौरीच्या रात्री खेळली जाणारी फुगडी पाहावी. दोघी हातांची अढी घालतात, पावले जुळवितात आणि अंग मागे झोकून गिरकी घेतात. एकीचा तोल दुसरीच्या भारावर तोललेला असतो. बसफुगडीत गुडघ्यांचा कस लागतो, झिम्म्यात टाळी आणि पाऊल यांचा मेळ साधावा लागतो, पिंग्यात कंबर व मान एका लयीत फिरतात. गुजराती आणि राजस्थानी घरांतील गरबा-दांडियाही याच जातीचा : वर्तुळात पुढे सरकायचे, वळायचे, टाळी वा टिपरी अचूक क्षणी द्यायची आणि वर गायचेही. पाय, हात आणि चित्त यांना एकाच वेळी गुंतविणारी ही रचना होती. दुर्दैव असे, की केस पांढरे झाले म्हणजे स्त्रीने खेळातून उठून भिंतीशी बसावे, हा संकेतही त्याच समाजाने घालून दिला. ज्या वयात या खेळांची खरी गरज, त्याच वयात ते अशोभनीय ठरले.

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात व्यायामाची जी चळवळ उभी राहिली, तिनेही वृद्धांकडे पाहिले नाही. १९१४ साली अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली. या संस्थेच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. पारतंत्र्याच्या काळात बलवान तरुण घडविणे हे ध्येय असल्याने यात दोष देण्यासारखे काही नाही. तथापि खेळ म्हणजे तारुण्य हे समीकरण मात्र त्यातून पक्के झाले. दुसरीकडे निराधार वृद्धांसाठी आश्रयस्थाने उभी राहत होती. पुण्यातील डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह, जे आज ‘निवारा’ या नावाने परिचित आहे, एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकातले. छप्पर, अन्न आणि औषध ही या दानधर्माची मर्यादा होती. हालचाल हीदेखील एक गरज आहे, हा विचार पुढेही कित्येक दशके कोणास शिवला नाही.

या विचाराला पहिला मोठा धक्का पुण्यातूनच मिळाला. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, दोर, पट्टे आणि लाकडी विटा यांच्या आधाराने रुग्ण व वृद्धांना आसने करविण्याची पद्धत विकसित केली. १९७५ साली पुण्यात सुरू झालेल्या रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्थेत ही साधने नित्य वापरात आली. ज्या खुर्चीत वृद्धाला बसवून ठेवायचे, तीच खुर्ची उभे राहण्याचे साधन झाली.

अय्यंगारांच्या पद्धतीत शिस्त होती. गंमत आणली ती डॉ. मदन कटारिया यांनी. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातील उद्यानात अवघ्या पाच जणांसह त्यांनी हास्यक्लब आरंभिला. प्रारंभी विनोद सांगितले जात; काही दिवसांतच ते संपले आणि उरलेले ऐकवत नव्हते. तेव्हा विनोदावाचून मुद्दाम हसण्याची युक्ती निघाली. डॉ. कटारियांच्या पत्नी माधुरी यांच्या योगाभ्यासाची त्यास जोड मिळाली. हात उंचावणे, टाळ्यांचा ठेका, लस्सीचे काल्पनिक पेले एकातून दुसऱ्यात ओतणे, सिंहासारखे हसणे असे हे पोरकट वाटणारे प्रकार होत. संकोची ज्येष्ठांना भर उद्यानात हातवारे करण्याची मुभा त्यांनी दिली, आणि ही मुभाच बहुधा त्यांची सर्वांत मोठी कामगिरी ठरावी.

खेळकर हालचालीस शास्त्राचा आधार कितपत आहे? स्वीडनमधील वृद्धनिवासांतील ५८ रहिवाशांचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. चालता चालता कोणी बोलू लागले, की बारा जण उत्तर देण्यासाठी थांबत. या बारांपैकी दहा जण पुढील सहा महिन्यांत पडले. चालणे आणि विचार करणे ही दोन्ही कामे एका वेळी न झेपणे, हेच पडण्याचे पूर्वचिन्ह होते. जिनिव्हा येथे पियानोच्या लयीवर पावले टाकण्याचे साप्ताहिक वर्ग वृद्धांसाठी घेण्यात आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पडण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरलेले आढळले. २०१९ मध्ये १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. त्यानुसार व्यायामाने घरी राहणाऱ्या ज्येष्ठांचे पडणे सुमारे २३ टक्क्यांनी घटते. वृद्धाश्रमांतील रहिवाशांबाबत मात्र पुरावा इतका निःसंदिग्ध नाही, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. तेथील माणसे अधिक अशक्त असतात. भक्कम कठडा, कोरडी फरशी, न सरकणाऱ्या खुर्च्या आणि शेजारी उभा राहणारा मदतनीस यांवाचून तेथे खेळ मांडणे धोक्याचे होय. ज्यांना उभे राहवत नाही त्यांनी बसूनच झिम्म्याच्या टाळ्या द्याव्यात, हवेतला फुगा परतवावा, चेंडू शेजाऱ्याच्या हाती द्यावा.

२००७ सालच्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण अधिनियमात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम अपेक्षिला आहे. वैद्यकीय सेवेच्या जोडीने करमणुकीच्या साधनांचाही उल्लेख त्यात आहे. या शब्दाचा अर्थ बहुतेक ठिकाणी दूरचित्रवाणी संच असा घेतला जातो, आणि करमणूक पुन्हा बैठीच राहते. दाते चाकांची खुर्ची हौसेने देतात, कारण तिच्यावर नाव घालता येते. भिंतीलगतच्या कठड्यावर नाव घालण्याची प्रथा अद्याप पडलेली नाही.

आगाशीच्या मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांना एक गोष्ट मात्र नवी वाटू नये. ब्राझीलमधील डॉ. क्लॉडिओ जिल अराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ व्यक्तींना जमिनीवर बसून, शक्यतो हातांचा आधार न घेता, पुन्हा उठण्यास सांगितले. ज्यांना हे सहज जमले ते पुढील काळात अधिक संख्येने हयात राहिले, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसून आले. खमासमणा देताना श्रावक-श्राविका उभे राहतात, गुडघे टेकतात, पाचही अंगे भूमीस लावतात आणि पुन्हा उठतात. काउसग्गात निश्चल उभे राहतात. आराधनेचा हेतू अर्थातच वेगळा आणि उच्च आहे. परंतु गेल्या पिढीतील आजी सत्तरीतही जमिनीवरून हात न टेकता उठत असत, आणि आज उपाश्रयाच्या मागील भिंतीशी खुर्च्यांची रांग दरवर्षी लांबत आहे.