तरुण समाजवादी राजकारणाकडे का वळतो? कॉ. आर. बी. मोरे यांचे उदाहरण

वस्तीत काम करताना आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : बाबासाहेबांचा विचार असताना आपली मुले लाल झेंड्याखाली का जातात? विचारणाऱ्याच्या आवाजात बहुधा तक्रार असते. उत्तरासाठी आम्ही रामचंद्र बाबाजी मोरे यांचे आयुष्य सांगतो.

मोरे यांचा जन्म १९०३ मध्ये महाड तालुक्यात झाला. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेने अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला. वर्तमानपत्रातून दाद मागितली, तेव्हा शाळेचे दार उघडले. पुढे महाडला परिषद भरवून बाबासाहेबांना आणण्यासाठी जे तरुण झटले, त्यांत मोरे आघाडीवर होते. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तेव्हा त्यांचे वय जेमतेम चोवीस. तीन वर्षांनी, १९३० मध्ये, ते कम्युनिस्ट पक्षात गेले.

ही फारकत होती का? आम्हाला तसे वाटत नाही. त्या काळची मुंबई डोळ्यांसमोर आणावी. कोकणातला भूमिहीन माणूस गिरणीत आणि गोदीत पोटासाठी येत होता. गिरणीतही जात होतीच. विणखात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्याला मज्जाव. कारण तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ आड येई. १९२८ च्या मोठ्या संपात विणखाते खुले करा, ही मागणी बाबासाहेबांनी लावून धरली. संपाच्या पुढाऱ्यांनी ती घेतली, पण खळखळ करून. पगार कापणारा मालक आणि पाण्याला शिवू न देणारा सहकामगार, दोघांशी एकाच माणसाला झुंजायचे होते. अशा ठिकाणी वाढलेला तरुण नुसत्या एका आघाडीवर समाधानी राहत नाही.

बाबासाहेबांचे स्वतःचे राजकारणही याच प्रश्नाला भिडत होते. १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष, ७ नोव्हेंबर १९३८ चा कम्युनिस्टांसोबतचा संप, १९४७ च्या निवेदनातला राज्य समाजवाद. हे आपल्या जयंतीच्या भाषणांत फारसे येत नाही. हिंसा आणि हुकूमशाही त्यांना अमान्य होती, हेही तितकेच खरे.

आजही आमच्या पाहण्यात पुस्तक वाचून चळवळीत आलेला तरुण विरळाच. थकलेली मजुरी, अडलेली शिष्यवृत्ती, कंत्राटी सफाईचे काम, अशा वेळी जो सोबत कचेरीत येतो, त्याच्या संघटनेत तो जातो. आणि तिथे 'जातीचे नंतर पाहू' असे ऐकू आले की गळतो.

मोरे गळले नाहीत. १९७२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते कम्युनिस्ट चळवळीत राहिले, आणि अस्पृश्यतेचा व जातीचा प्रश्न स्वतंत्रपणे हाती घ्या, असे लेखी टिपण त्यांनी पक्षनेतृत्वाला दिले. त्यांचे आत्मकथन अपुरे राहिले. पुढची हकिकत मुलाने, सत्येंद्र मोरे यांनी लिहिली.